लावणीच्या दिवसांतलं मयत : शहापूर तालुक्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण जुलै २०२४ मधलं. घरच्यांनी होकार दिला म्हणून लिहिते आहे. गावाचं नाव आणि माणसांची नावं काढली आहेत, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. गेलेल्या तरुणाला घरात सगळे थोरला म्हणत, इथेही तसंच म्हटलं आहे. तालुक्यात आरोग्य आणि सरकारी योजनांच्या कागदपत्रांसाठी धावपळ करणारा आमचा छोटा गट आहे. राख सावडून झाल्यावर हे घर आमच्याकडे आलं. त्याआधीचं सगळं मी त्याची बायको, धाकटा भाऊ, गावच्या आशाताई (आशा आरोग्य स्वयंसेविका) आणि पोलीस पाटील यांच्याकडून वेगवेगळं ऐकलं आणि जुळवून पाहिलं.

पान लागून, म्हणजे साप चावून, माणूस जाणं आमच्या भागाला नवीन नाही. तरीही हे प्रकरण मांडावंसं वाटलं, कारण पहिल्या २४ तासांत जे जे ठरलं त्याचा भार पुढे २३ वर्षांच्या एका बाईवर पडला, आणि त्यातलं बहुतेक तिला न विचारता ठरलं होतं.

पार्श्वभूमी

गाव भातसा धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. वस्ती मुख्यतः कुणब्यांची, ओढ्यापलीकडे कातकरी वाडी. शेती एकपिकी, पावसाच्या भाताची. माळावर थोडी नाचणी, वरी. कापणी-झोडणी झाली की गावातली तरुण पोरं पडघा-भिवंडीच्या गोदामांत कामाला जातात. थोरला २७ वर्षांचा. एका गोदामात ठेकेदाराकडे होता, आधी माल चढवायला-उतरवायला, पुढे माल मोजून नोंदवायला. तिथेच चौघांत खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला गावी यायचा. त्या आठवड्यात लावणीसाठी रजा टाकून आला होता.

घरात आई, वडील, धाकटा भाऊ, बायको आणि दीड वर्षाची मुलगी. जमीन सामाईक. सातबाऱ्यावर वडील आणि दोन चुलते, थोरल्याचं नाव नाही. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण लग्नाची नोंद केली नव्हती आणि बायकोचं नाव अजून माहेरच्या रेशनकार्डावरच होतं. अशा गोष्टींकडे एरवी कुणाचं लक्ष जात नाही. चार दिवसांनी याच गोष्टी आमच्यासमोर एकेक करून उभ्या राहिल्या.

त्या रात्री

घरात एकच खाट, ती मायलेकींना दिलेली. थोरला पडवीत गोधडी टाकून जमिनीवर झोपला होता. पडवीत भाताच्या कणग्या, म्हणजे उंदीर आलेच. आणि उंदरांच्या मागावर पावसाळ्यात मण्यार घरात शिरते.

रात्री दीडच्या सुमारास पोटात कळ येते म्हणून तो उठला. संध्याकाळी सुकटीचं कालवण झालं होतं, पित्त झालं असेल असं समजून आईने ओवा-मीठ दिलं. मग उलटी झाली. दंडाला काहीतरी टोचल्यासारखं वाटलं होतं, असं तो म्हणाला. बॅटरी मारून पाहिलं तर ना सूज, ना रक्त. घोण (गोमेसारखा किडा) चावली असेल, असं ठरलं.

मण्यारीचा दंश असाच असतो, आणि म्हणूनच तो फसवतो. घोणस किंवा फुरसं चावलं तर आग होते, अंग सुजतं, रक्त येतं, माणूस लगेच ओरडतो. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते, खूण शोधून सापडत नाही, दुखत तर जवळजवळ नाहीच. तास-दोन तासांनी पोट दुखू लागतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, जीभ वळत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला धडधाकट माणूस मध्यरात्री पोट धरून उठला आणि पहाटे त्याचे डोळे मिटायला लागले, तर खूण सापडो न सापडो, मण्यार धरूनच चालायला हवं.

साडेतीनला तो बायकोला म्हणाला, डोळे उघडे राहत नाहीत. ती म्हणाली, "झोपा मग जरा." हे वाक्य तिच्या मनात रुतून बसलं आहे. त्यात तिची काही चूक नव्हती, हे आम्ही तिला सांगितलं आणि एका डॉक्टरांकडूनही सांगवलं. इथेही लिहून ठेवते. त्या घरातल्या कुणालाच ते ओळखता येणार नव्हतं, कारण ओळखायला त्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

चारच्या पुढे बोलणं जड झालं तेव्हा वडिलांच्या लक्षात आलं की हे पान लागलंय. इथे पहिला निर्णय आला. वाडीवरचा भगत दहा मिनिटांवर होता. प्राथमिक आरोग्य केंद्र ११ किलोमीटरवर, मध्ये ओढ्याची फरशी (ठेंगणा पूल), त्यावरून पाणी. धाकटा म्हणत होता सरळ दवाखान्यात नेऊ. चुलते म्हणाले, आधी भगताला दाखवू, तोवर उजाडेल. भगताकडे नेलं. त्याने कडुलिंबाचा पाला चावायला दिला, थोरल्याला तो चावताच येईना. भगत तिथल्या तिथे म्हणाला, "हे माझ्या हातचं नाय, दवाखान्यात न्या." त्याने तो शब्द सांगितला म्हणून पुढची धावपळ सुरू झाली, हे नोंदवायला हवं. यात अर्धा तास गेला तरी त्या घराने भगतावर कधी राग धरला नाही, आणि मलाही धरावासा वाटत नाही.

आशाताईंना फोन गेला तो पावणेपाचला. त्यांनी १०८ ला फोन केला, आरोग्य केंद्रात कळवलं. रुग्णवाहिका यायला वेळ लागणार होता, म्हणून मोटारसायकलवर थोरल्याला मध्ये बसवून, मागे धाकटा, असे तिघे निघाले. साडेपाचच्या आत आरोग्य केंद्र गाठलं. डॉक्टरांनी पापण्या पाहूनच ओळखलं. सर्पविषावरच्या लसीच्या दहा कुप्या सुरू केल्या, सोबत निओस्टिग्मीन आणि ॲट्रोपिन ही औषधं, ऑक्सिजन. लस तिथे होती, कर्मचारी जागेवर होते. पण श्वास कमी पडत होता आणि व्हेंटिलेटरसाठी शहरात न्यावं लागणार होतं. १०८ साडेसहाला निघाली. महामार्गावर भिवंडीच्या अलीकडे वाहनांची रांग लागली होती. वाटेत श्वास थांबला, गाडीतले डॉक्टर अंबू बॅगने (हाताने दाबायच्या पिशवीने) हवा देत राहिले. शहरातल्या रुग्णालयात ८ वाजून ४० मिनिटांनी 'आणण्यापूर्वीच मृत' अशी नोंद झाली.

शवविच्छेदन : करायचं की टाळायचं

रुग्णालयाने पोलिसांना वर्दी दिली, अकस्मात मृत्यूची नोंद झाली. त्याच महिन्याच्या १ तारखेपासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली होती, त्यामुळे कागदावर जुन्या १७४ ऐवजी कलम १९४ होतं. कार्यवाही तीच. पंचनामा आणि शवविच्छेदन.

तोवर दोन्ही चुलते आणि ओळखीचा एक कार्यकर्ता रुग्णालयाच्या आवारात पोहोचले होते. चुलत्यांचं म्हणणं, साप चावलाय हे सगळ्यांना माहीत आहे, पोराची चिरफाड कशाला? कार्यकर्ता म्हणाला, मी साहेबांशी बोलतो, तासाभरात मयत ताब्यात घेऊ. वडील भिंतीला टेकून बसले होते, कुणाशीच बोलत नव्हते.

चुलत्यांना नुसतं अडाणी ठरवून पुढे जाणं बरोबर नाही. त्यांच्या मनात खरी भीती होती. शवविच्छेदन झालेलं शरीर घरी नीट न्हाऊ घालता येत नाही. आई तोंड पाहणार, ती कशी पाहील? संध्याकाळ होणार, पाऊस थांबत नव्हता, फरशीवरचं पाणी वाढलं तर मयत रस्त्यातच अडकणार. गावाकडे सगळी माणसं कामं टाकून थांबलेली.

आशाताई तोवर जीपने मागोमाग आल्या होत्या. त्यांनी सांगितलं ते असं. अकस्मात मृत्यूत शवविच्छेदन ही घरच्यांच्या मर्जीची गोष्ट नसते, ते पोलीस ठरवतात, आणि कुणी 'जमवून' दिलं तर तो उपकार नव्हे. दुसरं, आज साप चावला हे सगळ्यांना माहीत आहे, पण वर्षाने कुणी विचारलं तर कागद काय दाखवणार? तिसरं, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाला तर २ लाख रुपये मिळतात, आणि सातबाऱ्यावर नाव नसलेला कुटुंबातला एक जणही त्यात बसतो.

तिसऱ्या गोष्टीवर थोरले चुलते भडकले. "पोर गेलं आणि तुम्ही पैशाचं काय काढता?"

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हाच सर्वांत अवघड क्षण. तिथे बहुतेक माणसं गप्प बसतात, कारण त्या वाक्याला तोंडदेखलं उत्तर नसतं. आशाताईंनी उत्तर दिलंच नाही. त्यांनी घरी फोन लावला, शेजारणीला सांगून थोरल्याच्या बायकोला फोनवर बोलावलं आणि नेमकं काय विचारायचं आहे ते विचारलं. शवविच्छेदन केलं तर संध्याकाळ होईल, शरीर शिवून मिळेल, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "काय झालं ते नीट कळू दे. पोरगी मोठी झाल्यावर मला विचारेल." पैशाचा उल्लेख तिने केला नाही. आशाताईंनी हे वडिलांना सांगितलं. ते उठले आणि सही करायला गेले.

शवविच्छेदन दुपारी झालं. पुरेसा उजेड आणि सोयी असलेल्या रुग्णालयांना सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करायला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये मुभा दिली आहे, पण संशयास्पद मृत्यू त्यात येत नाहीत, आणि लहान ठिकाणी अजून दिवसाउजेडीच काम चालतं. उशीर झाला तर रात्रभर थांबावं लागेल हे धरूनच घरच्यांनी माणसांची सोय करावी. इथे वेळेत झालं. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवला होता, त्यामुळे मृत्यूच्या कारणापुढे 'रासायनिक अहवालानंतर' असा शेरा पडला. पुढे त्यावर आक्षेप आला तेव्हा कामी आली ती आरोग्य केंद्राची संदर्भचिठ्ठी, ज्यावर दंश, लक्षणं, लसीच्या कुप्या आणि वेळ लिहिली होती. धाकट्याने ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत ठेवली होती. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

रात्री की सकाळी, आणि कुठे

शववाहिका रात्री साडेआठला गावात आली. पाऊस कोसळत होता. गावचं स्मशान ओढ्यापलीकडे, उघड्यावर. लोखंडी चौकट आहे, वर छप्पर नाही. आता प्रश्न दोन होते आणि ते एकमेकांत अडकले होते.

रात्रीच उरकावं, असं म्हणणारे बरेच होते. मयत घरात असेपर्यंत आळीत चूल पेटत नाही, पोरं सकाळपासून उपाशी. शवविच्छेदन झालेलं शरीर किती वेळ ठेवणार? शीतपेटी तालुक्याच्या ठिकाणी भाड्याने मिळते, पण फरशीवरून गाडी येईल की नाही याची खात्री नव्हती. दुसरीकडे बहीण घणसोलीहून निघाली होती. ठाण्याला लोकल पकडून आसनगावपर्यंत आली, पुढे गाडी मिळेना. आई एकच म्हणत होती, तिला भाऊ दाखवल्याशिवाय उचलू नका.

ठिकाणाचे पर्याय असे. आपल्याच स्मशानात ताडपत्री धरून, डिझेल आणि जुने टायर घालून जाळायचं. मागच्या वर्षी एका म्हाताऱ्याला असंच केलं होतं, अर्धवट जळालं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लाकडं टाकावी लागली. ती गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती, तरी कुणी उच्चारत नव्हतं. एका वडीलधाऱ्यांनी स्वतःच्या बांधावर मातीत द्यावं असं सुचवलं. आईला ते सहन होईना. तिसरा पर्याय सहा किलोमीटरवरच्या गावाचा. तिथे शेड आहे. पण ते गाव आगऱ्यांचं, त्यांचं स्मशान त्यांच्या गावकीचं. यापूर्वी कुणी विचारलं नव्हतं, म्हणून नाही म्हणतील असंच सगळे धरून चालले होते.

पोलीस पाटलांनी विचारलं. त्यांनी तिथल्या सरपंचांना फोन केला. सरपंच म्हणाले, गावकीला कळवतो, अर्ध्या तासाने फोन करा. अर्ध्या तासाने होकार आला, आणि वर त्यांनी सांगितलं की शेडमध्ये थोडी वाळकी लाकडं आहेत, ती घ्या. तिथल्या चार-पाच जणांनी रात्रीच जाऊन शेड झाडून ठेवली. ओळखपाळख नसताना त्या गावाने हे केलं, याचं मोल मला फार वाटतं.

एवढं ठरल्यावर सकाळपर्यंत थांबणं सोपं झालं. शेजारच्या आळीत चुली पेटवून पोरांना जेवायला घातलं. बहीण साडेअकराला एका दुधाच्या टेम्पोतून आली. लाकडं घरटी गोळा झाली, प्रत्येकाने पडवीत पावसाळ्यासाठी राखून ठेवलेल्यातली दिली. थोरल्याबरोबर गोदामात कामाला असलेली वाडीवरची कातकरी पोरं रात्रभर ती लाकडं प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेम्पोत भरत होती. त्यांच्या वाडीला तर उघड्यावरची चौकटसुद्धा नाही. ओढ्याकाठी मिळेल तिथे करतात.

पहाटे भजनी मंडळाने टाळ धरले. सहाला मयत उचललं. मडकं धाकट्याने धरलं, अग्नीही त्यानेच दिला. शेडमध्ये सरण नीट पेटलं. नऊपर्यंत माणसं परत आली.

बांगड्या

मयत उचलण्याआधी दोन वयस्क बायका थोरल्याच्या बायकोला मागच्या पडवीत घेऊन गेल्या.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांच्या विरोधात ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. ते परिपत्रक या गावातही ग्रामसभेत वाचलं गेलं होतं. त्या पहाटे ते कुणाला आठवलं नाही. आठवेल असा माणूस तिथे नव्हता. आशाताई आदल्या पहाटेपासून उभ्या होत्या, घरी जाऊन पडल्या होत्या. ग्रामसेवक गावात राहत नाहीत.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "फोडू नका गं, हळू काढा." तसं झालं. बांगड्या काढल्या, कुंकू पुसलं, मंगळसूत्राचे मणी मयताबरोबर गेले. गावात हे पुष्कळ पुढचं पाऊल मानलं गेलं आणि सासूबाईंना तेवढं म्हणायलाही किती बळ लागलं असेल, याची मला जाणीव आहे. मुलगा समोर पडलेला असताना त्यांना सुनेचं मनगट दिसलं.

पण सून मला महिन्याभराने म्हणाली, "काढायच्याच होत्या तर माझ्या मी काढल्या असत्या." तिला विचारायला दोन मिनिटं लागली असती. आता ती हातात दोन बांगड्या घालते, टिकलीही लावते. कुणी बोललं तर सासूबाई उत्तर देतात.

दिवसकार्य आणि तीस दिवसांची मुदत

अनुदानाचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत द्यायचा असतो. त्यातले पहिले तेरा दिवस सुतकात जातात आणि त्या काळात शोक असलेल्या घरात कुणी कागद काढायला सांगत नाही. आम्ही यावर एक सोपी वाट काढली. ज्याला सुतक नाही असा माणूस कागदांसाठी नेमायचा. इथे थोरल्याचा मेहुणा, बायकोचा भाऊ, तयार झाला. त्याने दहाव्याच्या आधीच पंचनाम्याची प्रत मागायला सुरुवात केली.

बाराव्याच्या जेवणावरून मात्र आमच्यातच दोन मतं झाली. वडील गावजेवण घालणार म्हणाले. त्यासाठी त्यांनी ४० हजार रुपये उसने घेतले. भजनी मंडळाच्या बुवांनी सुचवलं की दहाव्याला प्रवचन ठेवू, चहा देऊ, जेवण भावकीपुरतं करू. आमच्यातल्या एकीने वडिलांशी कर्ज न काढण्याबद्दल बोलून पाहिलं. ते म्हणाले, "ताई, ज्यांच्या घरातलं लाकूड माझ्या पोराला लागलं, त्यांना मी जेवायला नको घालू?" मग आम्ही गप्प राहिलो. त्यांच्या दृष्टीने ते देणं होतं. कर्ज काढून जेवण घालू नये हे माझं मत कायम आहे, पण या घराला ते सांगायची ती वेळ नव्हती आणि सांगणारे आम्ही नव्हतो. आता वाटतं, बुवांनाच पुढे करून आधी चुलत्यांशी बोलायला हवं होतं. जेवणाचा आग्रह खरा त्यांचा होता.

मृत्यूची नोंद

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. ग्रामपंचायत म्हणाली, मृत्यू गावात झाला नाही. रुग्णालय म्हणालं, आणण्यापूर्वीच मृत, आमच्याकडे झाला नाही. शहरातल्या नोंदणी कार्यालयाने विचारलं, रस्त्यात कुठे झाला? रस्त्यात तीन ग्रामपंचायतींच्या हद्दी होत्या.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या नियमांत याचं उत्तर आहे. चालत्या वाहनात मृत्यू झाला तर वाहन जिथे पहिल्यांदा थांबेल तिथे नोंद होते. रुग्णवाहिका रुग्णालयाच्या दारातच थांबली होती, म्हणजे नोंद शहराच्या कार्यालयात. हे सांगूनही लेखी अर्ज, पंचनाम्याची प्रत आणि १०८ च्या नोंदीचा उतारा जोडावा लागला. २१ दिवसांची मुदत उलटली, विलंब शुल्क भरलं आणि दाखला २६व्या दिवशी हातात आला. अनुदानाचा अर्ज दोन दिवसांनी, मुदतीच्या काठावर, दाखल झाला.

बायकोचं नातं सिद्ध करायला ना लग्नाची नोंद होती, ना रेशनकार्ड. मुलीच्या जन्मदाखल्यावर दोघांची नावं होती. त्या एका कागदावर आणि तलाठ्यांच्या चौकशीवर काम निभावलं.

निष्पत्ती

तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने अर्ज मंजूर केला आणि पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात २ लाख रुपये बायकोच्या खात्यात आले. योजनेत वारस म्हणून पहिला हक्क पत्नीचा आहे. चुलत्यांना ते पटलं नाही. खर्च वडिलांनी केला, पैसे हिच्या नावावर का, असं त्यांनी चारचौघांत विचारलं. वडिलांनी त्यांना गप्प केलं. पुढे तिने स्वतःहून त्यातले ४० हजार सासऱ्यांचं देणं फेडायला दिले. आम्ही तिला सांगितलं होतं की तसं करायला तू बांधलेली नाहीस. तिने ऐकून घेतलं आणि तरी दिले.

दुसरी वाट आम्हाला उशिरा दिसली. ठेकेदार थोरल्याचा भविष्य निर्वाह निधी कापत होता. फोन बंद पडला होता, त्याचा पॅटर्न धाकट्याला माहीत होता, म्हणून त्यातल्या संदेशांवरून यूएएन, म्हणजे निधीच्या खात्याचा, क्रमांक सापडला. निधीसाठी फॉर्म २०, निधीला जोडलेल्या विम्यासाठी ५ आयएफ, निवृत्तिवेतनासाठी १० डी. नोकरीत सलग वर्षभर असलेल्याच्या वारसाला या विम्यात किमान अडीच लाख, जास्तीत जास्त ७ लाख मिळतात, आणि मृत्यू कामावर झालेला असण्याची अट नाही. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. गोदामातल्या त्याच्या सोबत्यांनाही नव्हतं. निधी आणि विम्याची रक्कम मिळाली. निवृत्तिवेतन आधार आणि निधीच्या नोंदीतली जन्मतारीख जुळत नसल्याने अडलं आहे. मुलीसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज केला आहे, त्यात महिना २,२५० रुपये मिळतात.

ती सासरीच राहते. मुलीला सासूबाईंकडे ठेवून पडघ्याच्या बाजूला पॅकिंगच्या कामाला जाते.

काय वेगळं करता आलं असतं

रात्री दीडला पोट दुखलं तेव्हाच आशाताईंना फोन गेला असता तर तीन तास हाती आले असते. मण्यारीच्या विषात हे तास फार मोलाचे, कारण नसांच्या टोकांची हानी एकदा होऊन गेली की लस ती मागे फिरवत नाही. मग माणूस फक्त कृत्रिम श्वासावर तगतो, कधी कधी कित्येक दिवस, पण तगू शकतो. देशात सर्पदंशाने वर्षाला सुमारे ५८ हजार माणसं जातात असा अंदाज आहे. ते प्रमाण २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा मार्च २०२४ मध्ये जाहीर झाला. आमच्या आरोग्य केंद्रात लस होती, डॉक्टर होते. व्हेंटिलेटर मात्र महामार्गाच्या पलीकडे होता. तालुक्याच्या ठिकाणी चोवीस तास चालणारा एक जरी असता तर भिवंडीच्या रांगेत जीव अडकला नसता. ही मागणी आम्ही लेखी केली आहे.

त्या घराने आता पडवीत बाज टाकली आहे आणि मच्छरदाणी गोधडीखाली खोचून झोपतात. या पावसाळ्यापूर्वी आशाताईंनी प्रत्येक आळीत बायकांना बसवून पोटदुखी आणि जड पापण्यांची लक्षणं सांगितली. भगतालाही बोलावलं होतं. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं की रात्री-अपरात्री माझ्याकडे आलात तर मी आधी १०८ ला फोन लावणार.

पहिल्या दिवशी बायकोजवळ एक माणूस बसवणं, ज्याचं काम फक्त तिला विचारणं आणि तिचं म्हणणं बाहेर पोहोचवणं, हे आम्ही त्यानंतर दोन मयतांत करून पाहिलं. एका घरात मानलं, एका घरात नाही. दुसऱ्या घरातल्या थोरल्या जावेने नंतर आम्हाला बोलावून घेतलं आणि पुढच्या वेळी मी बसेन म्हणाली.

शेडसाठी ग्रामसभेने जनसुविधा निधीतून मागणीचा ठराव केला आहे, आणि त्यात कातकरी वाडीसाठी वेगळी शेड धरली आहे. ओढ्याअलीकडची जागा वन विभागाची निघाल्यामुळे मोजणी आणि ना-हरकत बाकी आहे. तोवर पावसात मयत झालं तर आधी शेजारच्या गावच्या सरपंचांना फोन करायचा, असं दोन्ही गावकींनी बसून ठरवलं आहे.